नव्या गिटारीची तार उतरली नव्हती

आमच्या समृद्धीचं लग्न झालं त्या वर्षीची ही गोष्ट. साल दोन हजार तेवीस. समृद्धी म्हणजे माझ्या मुलाची, गोरखची, थोरली. लग्न फेब्रुवारीत आळेफाट्याच्या एका कार्यालयात लागलं. जेवणं उरकली, पाहुणे पांगले, आणि तिचा धाकटा भाऊ आदेश गाडीच्या डिकीतून एक लांबडी काळी पेटी काढून माझ्यापुढे घेऊन आला.

"आबा, उघडा."

उघडली तर आत माझीच गिटार. तोच लाल रंग, तशीच वरची दोन शिंगं, तेवढीच बटणं. क्षणभर वाटलं, पोरानं घरच्या कपाटातून काढून आणली. पण माझ्या गिटारीच्या पोटावर विडीनं जळल्याचा डाग आहे. तो हिच्यावर नव्हता. बाकी रंग जागोजाग उडालेला, कडा घासलेल्या.

आदेश चाकणला कंपनीत कामाला आहे. आठवडाभर नोकरी करतो आणि शनिवार-रविवारी ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो. त्यानं मला समजावून सांगितलं. माझी गिटार अमेरिकेत साठ-पासष्ट सालच्या सुमारास झालेली. तसल्या आता मिळत नाहीत, म्हणून तिकडच्या लोकांनी त्याच मापानं, त्याच लाकडाची, हुबेहूब नवी करून विकायला काढली. आणि जुनी दिसावी म्हणून तिचा रंगही कारखान्यातच घासून घालवतात.

माझी बायको सारजाबाई शेजारी खुर्चीत बसून पान जुळवत होती. ती म्हणाली, "आरं, नवी म्हनतोस आन रंग तर उडलाय. फसवलं तुला."

"आजी, ते मुद्दाम केलंय."

"म्हंजे तुज्या प्यांटीवानी. गुडघ्यावर फाडूनच इकत्यात ती."

मी गिटार मांडीवर घेतली. माझ्या डाव्या हाताची बोटं संधिवातानं सुजलेली आहेत, मुठीत पुरती मिटत नाहीत. गेली कित्येक वर्षं मी जुनीवर एक गाणंसुद्धा पूर्ण वाजवू शकलो नव्हतो. तिची दांडी धनुष्यासारखी वाकलीय, तारा दांडीपासून इतक्या वर उचलल्यात की दाबताना बोटाचं कातडं निघतं. हिच्या तारा दांडीला लागून होत्या. नुसतं बोट टेकवलं तरी सूर निघत होता. मी आमच्या गायन पार्टीच्या एका गाण्याचं तोंड वाजवलं. मग कडवं. मग पुन्हा तोंड. वाढपी पोरं खरकटी ताटं हातात धरून उभी राहिली.

"आदेश," मी म्हणालो, "ही माझ्या गिटारीपेक्षा चांगली आहे."

पोराचा चेहरा पडला. मला वाटलं होतं खूश होईल.

"असं नका म्हणू आबा. ही नक्कल आहे. खरी ती खरी. तुमच्या गिटारीच्या आवाजाची सर हिला यायची नाही. मी पुण्यातल्या एका जाणकाराला तुमच्या गिटारीचं रेकॉर्डिंग ऐकवलं, तर तो म्हणाला, तिच्या पिकअपची तार त्या काळात अमेरिकेत हातानं गुंडाळलेली आहे. तसा आवाज आता जगात निघत नाही."

पिकअप म्हणजे तारांखाली लोहचुंबकाभोवती गुंडाळलेलं बारीक तारेचं वेटोळं. त्यातून आवाज पकडला जातो.

मला इतकं हसू आलं की ठसका लागला. ते वेटोळं ब्याऐंशी साली जळालं होतं. आमच्या भागातली वीज तेव्हा शेतीच्या पंपांवरून यायची, कधी मंद, कधी भडक. एका कार्यक्रमात धूर निघाला. दुसऱ्या दिवशी मी ते आळेफाट्याला गेणभाऊकडे घेऊन गेलो. गेणभाऊ विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरायचा. त्यानं पंख्याच्या मोटारीची सगळ्यात बारीक तार घेतली आणि एका हातानं चहा पीत दुसऱ्या हातानं गुंडाळली. जगात निघत नाही म्हणतात तो आवाज त्या तारेचा.

आदेश म्हणाला, "मग तर ती अजूनच भारी झाली ना, आबा!"

जुन्याच्या प्रेमात पडलेल्या माणसाला त्यातला दोष दाखवला की त्याला तोही अलंकार वाटतो.

आता गायन पार्टीविषयी सांगतो. त्र्याहत्तर साली आमच्या निरगुडसरच्या पाच-सहा जणांनी भीमगीतांची पार्टी काढली. पेटी, ढोलकी, टाळ. गाणारी बाई पारगावची, लंकाबाई. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी, म्हणून मी तिला अक्का म्हणायचो. सत्याहत्तर साली मी पुण्याच्या एका ऑर्केस्ट्रावाल्याकडून ही गिटार आणली. तालुक्यात पहिली. मंचर, ओतूर, जुन्नर, नारायणगाव, कुठं कुठं म्हणून वाजली. लोक गिटार बघायला यायचे हे खरं आहे, ते मी नाकारत नाही. पण लोक बघायचे पुढून. मी मागं होतो. ओल्या जमिनीवर उभं राहिलं की तिच्या तारांतून झटका बसायचा, म्हणून मी गोणपाटाची घडी पायाखाली घेऊन वाजवायचो. जवळ ट्यूबलाइट असली की ती घरघरायची. आणि एका गाण्यापलीकडे कधी सुरात राहिली नाही. प्रत्येक गाण्यानंतर मी खुंट्या पिळत बसायचो आणि तेवढा वेळ लंकाबाई लोकांशी बोलायची. कधी गावातल्या पुढाऱ्याची फिरकी, कधी सासू-सुनेचा किस्सा, कधी विहिरीवर पाणी भरू न देणाऱ्यांची कानउघाडणी. माझी तार लागली की मी एक टणत्कार द्यायचो आणि ती पुढचं गाणं उचलायची.

चाळीस वर्षं असं केलं. ती गिटार मी सांभाळली, तिनं मला नाही सांभाळलं. हे मी पुन्हापुन्हा सांगतो, कारण पुढे ज्याला त्याला तिचाच पुळका आला.

मार्चमध्ये गोरखनं सांगितलं की पार्टीला पन्नास वर्षं झाली, म्हणून जयंतीच्या आठवड्यात विहारापुढे मोठा कार्यक्रम करायचा. गोरख पंचायत समितीत नोकरीला आहे आणि जयंती कमिटीचा अध्यक्षही. लंकाबाई गाणार, मी वाजवणार, ढोलकीला सावळेराम. पार्टीतले एवढेच तिघं उरलो होतो. मला आनंद झाला. चार दिवसांनी चौकात फ्लेक्स लागला. मला लिहायला-वाचायला उशिरा यायला लागलं, नातवंडांच्या पुस्तकांवर शिकलो, पण फ्लेक्स वाचायला सोपा असतो. वर लिहिलं होतं, 'पन्नास वर्षांच्या पार्टीची ऐतिहासिक गिटार पुन्हा वाजणार'. मधोमध गिटारीचा फोटो, माणसाएवढा. खाली कोपऱ्यात लंकाबाईचा पासपोर्टच्या आकाराचा. माझा नव्हताच.

घरी येऊन मी गोरखला म्हणालो, "मी कार्यक्रमात आदेशची नवी वाजवणार आहे."

"दादा, असं कसं? लोकं ती बघायला येणारेत."

"मग बघू दे की. टेबलावर ठेव. वाजवणार मी ही."

"आवो, पण त्यात काय राहिलं मग? नवी गिटार काय, कुनाकडंबी असती."

"माझी बोटं बघ." मी हात पुढे केला. "हे जुनीवर चालत नाहीत."

गोरखनं हात बघितला. वाईट नाही माझा मुलगा. त्यानं तोडगा काढला. "तुमी नुसती जुनी गळ्यात अडकवून उभं राहा. आदेश पडद्यामागनं वाजवंल. कुनाला कळनार न्हाई."

सारजाबाई भाकऱ्या थापत होती. ती तव्याकडे बघतच म्हणाली, "आन लंकाक्का? तिच्याबी जागी पडद्यामागं दुसरी उभी कर. तोंड हलवंल ती पुढं."

"आये, तू मधी पडू नको."

"मी कुठं पडते. तुज्या बापाला बुजगावणं करायला निघालास, म्हनून इचारलं."

मला एकच गोष्ट हवी होती. लंकाबाईच्या मागे एकदा पुन्हा वाजवायचं. स्वतःच्या हातानं, सुरात, लोकांसमोर. तिचं वय ऐंशीला टेकलं होतं आणि माझ्या बोटांनाही आता फार दिवस नव्हते. ते ज्या गिटारीवर जमेल ती गिटार चांगली. यापेक्षा जास्त मला गिटारीतलं कळत नाही आणि कळून घ्यायचंही नाही.

दुसऱ्या दिवशी आदेशला मोटारसायकल काढायला लावली आणि पारगावला गेलो. साखर कारखान्याचा हंगाम संपत आला होता, उसाच्या शेवटच्या गाड्या रस्त्यानं चालल्या होत्या. लंकाबाई ओट्यावर बसली होती. अंगानं निम्मी झालेली. तिची नात हर्षाली आतून पाणी घेऊन आली आणि मला हळूच म्हणाली, "आजोबा, डॉक्टरांनी गायला मना केलंय. हृदयाचं दुखणं आहे. तुम्ही तरी सांगा."

लंकाबाईच्या कानाला काही झालेलं नव्हतं. "तो काय सांगनार? तो माज्यापेक्षा लवकर मरल, हात बग त्याचे."

"अक्का, गोरख म्हणतो जुनी गिटार नुसती गळ्यात अडकव, पडद्यामागून आदेश वाजवेल."

"तुजा हात चालतो का तिच्यावर?"

"नाही."

"नवीवर?"

"चालतो."

"मंग नवी आन. मला काय तिच्याशी सोयरीक करायचीय का, जुनी का नवी बघायला?"

आदेशच्या मनात अजून अढी होती. तो दोन्ही गिटारी आणि छोटा अँप्लिफायर बरोबर घेऊन आलाच होता. म्हणाला, "आजी, तुम्ही डोळे मिटून ऐका. मी दोन्ही वाजवतो. तुम्हीच सांगा कुठली चांगली."

लंकाबाईनं डोळे मिटले. त्यानं एक वाजवली, मग दुसरी. मग पुन्हा पहिली. तिनं डोळे उघडले आणि हर्षालीला म्हणाली, "च्या टाक. पोरगं लांबनं आलंय."

"पण कुठली चांगली, आजी?"

"दोनीबी बिघडल्यात. आता भिमाकडं दे."

मी नवी घेतली आणि तिच्या पट्टीत तोंड वाजवलं. ती बसल्या बसल्या गायला लागली. आवाज बारीक झाला होता, पण जागेवरून हलला नव्हता. एकच ओळ गायली आणि छातीवर हात ठेवून थांबली. हसली. "यिन मी. एकदाच. पर तुजा गोरख पडद्यामागनं दुसऱ्याला वाजवाय लावनार आसल तर यायची न्हाई, सांग त्याला."

मी गोरखला तसंच सांगितलं. त्याला माघार घ्यावी लागली, पण त्यानं जुनी गिटार विहारात मांडायचं ठरवलं. मी हरकत घेतली नाही. मांडू दे म्हटलं.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी मी विहारात गेलो तर टेबलावर पांढरी चादर, त्यावर गिटार उभी, तिला झेंडूचा हार. पुढे उदबत्त्या. आमच्या आळीतली भागू म्हातारी वाकून तिच्यावर डोकं टेकवत होती. तिच्यामागं दोन बाया रांगेत.

माझं डोकं फिरलं. मी सात-आठ वर्षांचा असताना माझ्या बापानं घरातले सगळे टाक, म्हणजे देव्हाऱ्यातले धातूचे देव, फडक्यात बांधून नदीत सोडले होते. मी त्याच्याबरोबर गेलो होतो. आई रडत होती, कारण तिच्या सासूनं जपलेले होते ते. बाप म्हणाला होता, आजपासून माणसाशिवाय कुणापुढे वाकायचं नाही. सगळ्या वाड्यानं सोडले देव. आणि त्याच वाड्यातली माणसं आता लाकडाच्या तुकड्यापुढे उदबत्ती लावत होती.

मी पुढे झालो, हार काढला आणि उदबत्त्या बाहेर नेऊन मातीत खोचल्या.

"आरं भिमाजी, आसं का करतो?" भागू दुखावून म्हणाली. "इतिहास हाय त्यो आपला."

"इतिहास असंल तर बघ. पाया कशाला पडतीस?"

"तूच वाजवलीस की रं ती."

"म्हणूनच सांगतो. हिनं मला झटके दिलेत, भागू. तुला द्यायच्या आधी लांब हो."

बाया हसल्या. गोरख मात्र हसला नाही. सगळ्यांदेखत म्हणाला, "दादा, तुमाला आमचं काईच चांगलं दिसत न्हाई." मी म्हणालो, "दिसतं. लंकाक्का येतीय ते चांगलं दिसतंय. तिच्या गळ्यात हार घाल." आणि हार त्याच्या हातात दिला. माझा आवाज चढला होता. चढू दे. त्या आवाजाची मला आजही लाज वाटत नाही.

संध्याकाळी मैदान भरलं. आळ्याहून, नारायणगावाहून माणसं आली होती. पुण्याचा तो जाणकारही आला होता म्हणे, जुनीचे फोटो काढत होता. हर्षालीनं धरून लंकाबाईला स्टेजवर आणलं, खुर्चीत बसवलं. गोरखनं तिच्या गळ्यात हार घातला. सावळेरामनं ढोलकीवर थाप मारली. मी नवी गळ्यात अडकवून उभा राहिलो, तर मागून कुणीतरी ओरडलं, "जुनी वाजवा राव!" मग दुसरा. मग पोरांनी तालच धरला, जुनी, जुनी.

सावळेराम माझ्याकडे झुकून म्हणाला, "भिमा, एक गानं वाजीव की जुनीवर. लोकांचं मन ऱ्हाईल."

"तुझी ढोलकी कधीची आहे?"

"गेल्या दिवाळीत घेतली."

"मग गप."

मी माइक ओढला. मला भाषण येत नाही, पण त्या दिवशी आलं. "ती गिटार मी चाळीस वर्षं वाजवलीय. तुमच्यातल्या कुणीबी एक दिवस वाजवून दाखवा, मग ओरडा. ती चांगली म्हणून आमी वाजवत नव्हतो. दुसरी नव्हती म्हणून वाजवत होतो. आता दुसरी हाय. हिचा सूर हालत न्हाई, हिच्यात घरघर न्हाई. आमच्या बापजाद्यांनी जुनं सोडलं म्हणून तुमी आज हितं खुर्च्यांवर बसलाय. ज्याला जुनी बघायची त्यानं विहारात जावं. ज्याला गाणं ऐकायचं त्यानं गप बसावं."

शिट्ट्या झाल्या, कुणी टाळ्या वाजवल्या, कुणी शिव्याही दिल्या असतील. मी तोंड वाजवलं आणि लंकाबाईनं गाणं उचललं.

आडाचं पाणी आमी हातानं शेंदलं,
कुनाच्या बापाचं उसनं न्हाई घेतलं.

मैदान गप झालं. माझी बोटं चालत होती. एकही सूर चुकला नाही, एकही तार हलली नाही. गाणं संपलं, टाळ्या पडल्या आणि मी लगेच दुसऱ्याचं तोंड सुरू केलं. तार लावायची गरजच नव्हती. मला वाटलं, बघा आता. ही खरी मजा. गाण्याला गाणं जोडून.

लंकाबाईनं दुसरं गाणं उचललं. पण कडव्यात तिचा श्वास तुटला. शेवटची ओळ तिनं नुसती बोलून टाकली. मला वाटलं, शब्द विसरली असेल. मी तिसऱ्याचं तोंड वाजवायला घेतलं.

"आरं भिमा!" ती माइकमध्येच म्हणाली. "तार लाव की."

"लागलेली हाय, अक्का."

"लागलेली हाय म्हनं! चाळीस वर्सं तुजी तार कदी लागली न्हाई, आन आजच बरी लागली?"

लोक खो-खो हसले. मीही हसलो आणि मान वळवून तिच्याकडे बघितलं. ती हसत नव्हती. खुर्चीचा हात तिनं घट्ट धरला होता, गळ्यातला हार वर-खाली होत होता. ओठ काळे पडले होते. ती माझ्याकडे बघत होती आणि तिच्या नजरेत विनवणी नव्हती, राग होता. एवढंही कळत नाही का तुला, असा राग.

तेव्हा मला कळलं. मी खुंट्या पिळायचो तेवढ्यात ती बोलायची, आणि बोलता बोलता दम घ्यायची. तरुणपणी तिला त्याची गरज नसेल, आता होती. जुनी गिटार उतरायची म्हणून तिला उसंत मिळायची. नवी उतरत नाही, आणि मी त्या अभिमानात तिला गाण्यामागून गाणं गायला लावत होतो.

मी खुंटीला हात घातला आणि वरची तार सैल सोडली. पुरती बेसूर. माइकसमोर एकदा छेडून दाखवली. "हो की, अक्का. उतरलीच की."

"बगा," ती लोकांना म्हणाली, "नवी नवी म्हनून मघा भाषण ठोकलं. ही तर जुनीची बी आजी निगाली."

मैदान हसून लोळायचं बाकी राहिलं. मी सावकाश, फार सावकाश तार चढवत होतो. ती बोलत होती. पारगावच्या कारखान्यावरचा किस्सा सांगितला, गोरखच्या फ्लेक्सवर सांगितलं, "माजा फोटू बारीक छापला, बरं झालं, सुरकुत्या दिसल्या न्हाईत." तिच्या ओठांवर हळूहळू रंग आला. मी तिच्या छातीकडे बघत होतो. श्वास बसला तेव्हा मी टणत्कार दिला. तिनं तिसरं गाणं उचललं.

मग प्रत्येक गाण्यानंतर मी तार उतरवली आणि प्रत्येक गाण्यानंतर चढवली. तिनं तिचा सगळा कार्यक्रम पुरा केला. शेवटच्या गाण्याला लोक उभे राहिले.

उतरताना आदेशनं माझा दंड धरला. त्याच्याकडे सूर दाखवणारं यंत्र असतं, त्यावर त्यानं सगळं बघितलं होतं. "आबा, तार आपोआप उतरत नव्हती. तुम्ही मुद्दाम सोडत होता. सगळे माझ्या गिटारीला हसतायत."

"हसू दे."

"पण का?"

मी त्याला खुर्चीत बसलेली लंकाबाई दाखवली. हर्षाली तिला पदरानं वारा घालत होती. पोरगं शहाणं आहे. पुन्हा विचारलं नाही.

गावात मात्र निकाल लागला. दुसऱ्या दिवशी चौकात तेच बोलणं. बघा, अमेरिकेची नवी नक्कल, तीसुद्धा दर गाण्याला उतरत होती. जुनी ती जुनीच. भिमाजीनं एवढं भाषण केलं आणि तोंडावर पडला. गोरखनं जुनी गिटार काचेच्या कपाटात घालून विहारात ठेवली. तो मला चिडवायचा नाही, पण त्याच्या चेहऱ्यावर दिसायचं. सावळेराम तर भेटला की खुंटी पिळल्यासारखा हात करायचा. सारजाबाईला मी खरं सांगितलं होतं. ती म्हणायची, "सांगून टाका की समद्यांना. कशापायी ऐकून घेता?"

सांगणार कसं? सांगितलं असतं तर लंकाबाईला दम पुरत नव्हता हेही सांगावं लागलं असतं. आणि तिनं अख्खी जिंदगी कुणापुढे दम लागल्याचं दाखवलं नव्हतं. कार्यक्रमानंतर मी पारगावला तिला भेटायला जायचो, तेव्हा तीही त्या गोष्टीविषयी कधी बोलली नाही. फक्त एकदा म्हणाली, "तुजी नवी गिटार बरी हाय. सांगशील तवा उतरती."

आता लिहायला हरकत नाही. म्हणून लिहितो, आणि ज्याला खोटं वाटेल त्यानं आदेशला विचारावं. ती नवी गिटार त्या संध्याकाळी एकदाही आपणहून उतरली नव्हती. जुनीपेक्षा ती सगळ्या बाबतीत चांगली आहे, आवाजाला, हाताला, सुराला. माझं भाषण खरं होतं, त्यातला एक शब्दही मी मागे घेत नाही. काचेच्या कपाटावर कुणी हार घातलेला दिसला की मी आजही काढतो. आणि जुनीच्या आवाजाची कुणी आठवण काढली, तर त्याला सांगतो की तुला आठवतो तो आवाज गिटारीचा नाही. मी गप बसून तारा पिळत होतो आणि एक बाई बोलत होती, तो आवाज तुला आठवतोय.

लंकाबाई पारगावच्या आपल्या घरी, दोन हजार तेवीस सालच्या नोव्हेंबर महिन्याच्या एकोणीस तारखेला सकाळी वारली.